एल्स्विकचा कारखानदार



इंग्लंडच्या ईशान्य भागात न्यूकॅसल नावाचे शहर आहे. कोळशाच्या व्यापाराबद्दल त्याची जुनी ख्याती. त्या शहराजवळून वाहणाऱ्या टाईन नदीवर १८७६ साली एक नवा पूल तयार झाला. पूल कसला, ते एक यंत्रच होते. मोठे जहाज आले, की पुलाचा मधला भाग पाण्याच्या दाबाने जागच्या जागी फिरून नदीच्या प्रवाहाला समांतर उभा राही, आणि दोन्ही अंगांनी जहाजांना वाट मोकळी होई. पूर्वी तेथे दगडी कमानींचा पूल होता व त्याखालून मोठे जहाज वर जाणे शक्यच नव्हते. १७ जुलै १८७६ रोजी या फिरत्या पुलातून पहिले जहाज वर गेले. ते 'युरोपा' नावाचे इटालियन जहाज होते आणि ते आले होते एक तोफ न्यावयास. तोफेचे वजन होते शंभर टन!

पूल फिरविणारी यंत्रे ज्या कारखान्यातली, ती तोफही त्याच कारखान्यातली. कारखाना नदीकाठी एल्स्विक येथे होता आणि त्याचा मालक होता विल्यम जॉर्ज आर्मस्ट्रॉंग. आजच्या व्याख्यानाचा विषय हा गृहस्थ आहे.

शस्त्रास्त्रांचा कारखानदार म्हटला, की आपल्यापुढे बहुधा जर्मनीतील एसेनचा क्रुप उभा राहतो. ते साहजिकच आहे. परंतु क्रुपच्या पाठीशी प्रशियाचे राजघराणे, बिस्मार्क आणि पुढील सर्व अनर्थ असल्यामुळे आपण त्याच्याकडे पाहतो तेच मुळी कपाळाला आठ्या घालून. आर्मस्ट्रॉंगच्या बाबतीत ही सोय नाही. तो सौम्य वृत्तीचा, विद्याव्यासंगी, दानशूर मनुष्य होता. आपल्या गावाला त्याने मोठे उद्यान दिले, विद्यासंस्थांना देणग्या दिल्या. कोळसा एक दिवस संपणार, तेव्हा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा लागेल, असे तो बोलून दाखवीत असे. युद्ध हा कारखान्याचा माल कसा झाला, हे समजून घ्यावयाचे तर दुष्टापेक्षा असा सज्जनच अभ्यासाला घ्यावा, असे मला वाटते.

आर्मस्ट्रॉंगचा जन्म १८१० सालचा. वडील धान्याचे व्यापारी. त्यांनी मुलाला वकिलीत घातले आणि मुलाने ती काही वर्षे इमानेइतबारे केलीही. पण त्याचे चित्त यंत्रांत. माशांच्या शिकारीचा त्याला नाद होता. एकदा ओढ्याकाठी गळ टाकून बसला असता जवळची एक पाणचक्की त्याने पाहिली. डोंगरावरून एवढे पाणी कोसळते आणि त्यातला अगदी थोडा जोर चाकाला लागतो, बाकीचा फुकट जातो, हे त्याच्या मनाने घेतले. त्यातूनच १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळातील पाण्याच्या दाबाने चालणारी त्याची पहिली यारी उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्याने एल्स्विकचा कारखाना काढला. गोद्यांतल्या याऱ्या, धरणांचे दरवाजे, फिरते पूल असा हा निरुपद्रवी आणि लोकोपयोगी माल होता. तेवढ्यावरच हा मनुष्य थांबता, तर त्याचे नाव अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकांबाहेर कोणी घेतले नसते.

पण १८५४ साल उजाडले. क्रिमियात इंग्लंड व फ्रान्स विरुद्ध रशिया असे युद्ध जुंपले होते. ५ नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली. धुक्याने भरलेल्या त्या सकाळी इंग्रजांनी दोन जड तोफा माणसांच्या बळावर ओढत मोक्याच्या जागी आणल्या आणि लढाईचे पारडे फिरविले. प्रत्येकीचे वजन दोन टनांहून अधिक. ती हकीकत आर्मस्ट्रॉंगच्या वाचनात आली आणि त्याने विचार केला तो फक्त अभियंत्याचा. एवढ्या टापूवर मारा करावयास एवढे वजन लागतेच कशाला?

येथे थोडे तंत्र सांगितले पाहिजे, कंटाळू नका. तोवरची तोफ ओतीव असे. काशाचा वा बिडाचा रस साच्यात ओतावा, नळी आतून कोरून गुळगुळीत करावी, तोंडातून दारू आणि गोल गोळा ठासावा, ही चारशे वर्षांची रीत. आर्मस्ट्रॉंगने घडीव लोखंडाची लांब सळई तापवून लाल केली, तिची स्प्रिंगसारखी गुंडाळी केली, ती घणाखाली ठोकून सांधली आणि तिची नळी बनविली. मग त्या नळीवर तापलेली कडी चढविली. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितो ना, अगदी तसे. तापल्यावर कडे सैल होते, थंड होताना आवळून बसते. त्यामुळे थोड्या वजनात नळीला मोठा दाब सोसण्याची ताकद आली. आत मळसूत्री खाचा पाडल्या. गोल गोळ्याऐवजी शिशाचे वेष्टण दिलेला लांबट गोळा घेतला. तो खाचांत फिरत फिरत बाहेर पडे व म्हणून दिशा सोडीत नसे. आणि तोफ भरावयाची ती तोंडातून नव्हे, मागून. अशी पहिली तोफ १८५५ मध्ये तयार झाली.

या बदलाचे महत्त्व आपल्या इतिहासाकडे पाहिले की अधिक स्पष्ट होते. महादजी शिंद्यांनी आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना घातला होता. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या पलटणींची जी दशा केली, ती इंग्रजांनीच नमूद करून ठेवली आहे. त्या दिवशी आपण हरलो, पण तोफेत कमी पडलो म्हणून नव्हे. धातू, कुशल ओतारी आणि पैसा एवढे जवळ असले, तर हिंदुस्थानातला सरदारही युरोपच्या तोडीची तोफ करवून घेऊ शकत होता. अर्ध्या शतकानंतर ही गोष्ट राहिली नाही. आर्मस्ट्रॉंगची तोफ ओताऱ्याच्या भट्टीत होत नव्हती. तिला वाफेचे घण हवेत, अचूक कोरणारी यंत्रे हवीत, लोखंडाची पारख करणारे रसायनशास्त्र हवे, थोडक्यात तिच्यामागे सबंध न्यूकॅसल हवे.

ब्रिटिश सरकारने तोफ पसंत केली. १८५९ मध्ये आर्मस्ट्रॉंगने आपले एकस्वाचे सारे हक्क मोबदला न घेता राष्ट्राला देऊन टाकले. राणीने त्याला 'सर' केले. तो सरकारी पदावर गेला आणि तोफा बनविण्यासाठी एल्स्विकला जी स्वतंत्र कंपनी निघाली तिच्याशी त्याने त्या काळात आर्थिक संबंध ठेवला नाही. सारे अगदी चोख. पण सरकारी समितीचा चिटणीस म्हणून नव्या तोफांची पारख करणारा अँड्र्यू नोबल नावाचा तोफखान्यातला हुशार अधिकारी १८६० मध्ये एल्स्विकलाच व्यवस्थापक म्हणून येऊन बसला. यात बेकायदेशीर असे काही नव्हते. पारखणारा आणि विकणारा यांच्यातली भिंत कशी पातळ होत जाते, एवढेच दाखविण्यासाठी हे सांगितले.

चार वर्षांत सुमारे तीन हजार तोफा झाल्या आणि मग तक्रारी सुरू झाल्या. मागचे दार नीट बसत नाही, खर्च फार येतो, जुनी पद्धतच बरी होती. सरकारने करार मोडला. १८६३ मध्ये आर्मस्ट्रॉंगने पद सोडले आणि पुढे इंग्लंडचे आरमार पुन्हा तोंडातून भरावयाच्या तोफांकडे वळले. आता एल्स्विकला प्रचंड कारखाना उभा, भट्ट्या तापलेल्या, हजारो कामगार हाताशी आणि गिऱ्हाईक नाही. अशा वेळी कारखानदार काय करील? तो दुसरे गिऱ्हाईक शोधील. याऱ्या विकणारा तेच करतो, कापड विकणाराही तेच करतो. माझ्या मते आधुनिक युद्धाच्या इतिहासात हा क्षण एखाद्या मोठ्या लढाईइतका महत्त्वाचा आहे. मात्र त्या दिवशी कोठे बंदुकीचा बारही झाला नाही. एका कंपनीच्या हिशेबाच्या वहीत तो घडून गेला.

या तोफेचा आपल्या मुंबईशीही एकदा संबंध आला. १८६७ मध्ये इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याने काही युरोपियनांना कैदेत ठेवल्यावरून इंग्रजांनी त्याच्यावर स्वारी केली. सेनापती होता मुंबई फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर. सैन्य, खेचरे, दाणागोटा यांचा फार मोठा भाग मुंबईहून जहाजांवर चढला, आणि त्याबरोबर ४४ हत्ती. हे हत्ती आर्मस्ट्रॉंगच्या तोफा पाठीवर घेऊन इथिओपियाच्या घाटांतून मॅग्डालाच्या किल्ल्यापर्यंत गेले. तेवोद्रोस काही अडाणी राजा नव्हता. तोफांचे महत्त्व त्याने ओळखले होते. आपल्या राज्यातल्या युरोपियन मिशनऱ्यांना वेठीस धरून त्याने सुमारे सात टनांची उखळी तोफ ओतवून घेतली, तिला 'सेबॅस्टोपोल' असे नाव दिले आणि शेकडो माणसांकरवी डोंगर कापून, रस्ते तयार करीत ती मॅग्डालावर चढविली. हे काम पाहून मन थक्क होते. आणि लढाईत? त्या तोफेचा काहीच उपयोग झाला नाही. १० एप्रिल १८६८ रोजी आरोगेच्या पठारावर इथिओपियाचे शेकडो वीर पडले, इंग्रजांकडील दोघे दगावले. संहाराचे काम मुख्यतः नव्या स्नायडर रायफलींनी केले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मोठ्या तोफांची पाळी तीन दिवसांनी मॅग्डालावर आली. तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली. त्याची 'सेबॅस्टोपोल' अजून तेथेच डोंगरावर पडून आहे.

याच काळात एका भाषणात आर्मस्ट्रॉंग म्हणाला, की आमच्याजवळ लढाईसाठी माणसे थोडी, तेव्हा पूर्वेकडील अफाट व अर्धरानटी प्रजा ताब्यात ठेवण्यास विज्ञानाचे साहाय्य आम्हांस हवेच. बोलणे शांतपणाचे आहे, आवेशाचे नाही. आणि ती 'प्रजा' म्हणजे तुमचेआमचे पणजोबा होत. अभियंत्याने निसर्गशक्ती माणसाच्या हाती द्यावी, तिचा उपयोग कसा करावा याची जबाबदारी वापरणाऱ्याची, असेही त्याचे मत होते. ही वाटणी किती सोयीची आहे पाहा.

आता शंभर टनी तोफेकडे परत येऊ. इटलीने ती आपल्या 'दुइलिओ' या युद्धनौकेसाठी घेतली होती. तिचा एकेक गोळा दोन हजार पौंडांचा. तिच्या बातमीने इंग्लंडच्या सेनानींना चिंता पडली, कारण भूमध्य समुद्रातील माल्टा आणि जिब्राल्टर ही आपली ठाणी आता सुरक्षित नाहीत, हे उघड झाले. मग त्यांनी उपाय योजला. आर्मस्ट्रॉंगकडेच तशाच चार तोफा मागितल्या, दोन माल्टासाठी, दोन जिब्राल्टरसाठी! एल्स्विकच्या तोफेपासून बचाव करावयास एल्स्विकचीच तोफ. दुखणेही त्याचे आणि औषधही त्याचे. माल्टाच्या किल्ल्यावर ती तोफ भरण्यासाठी वाफेच्या जोरावर पाण्याचा दाब निर्माण करणारी यंत्रे बसविली होती. म्हणजे धक्क्यावर धान्याची पोती उचलणारी जी युक्ती, तीच आता गोळा उचलून नळीच्या तोंडाशी आणीत होती. चारांपैकी दोन तोफा अजून जागेवर आहेत. त्यांतली जिब्राल्टरची ज्या बुरुजावर आहे, त्याला मॅग्डालाच्या त्याच नेपियरचे नाव आहे. युद्धात त्यांच्यातून एकही गोळा सुटला नाही. कारखान्याचे पैसे अर्थातच चुकते झाले.

कामगारांविषयीही एक वाक्य बोलले पाहिजे. १८७१ मध्ये दिवसाचे काम नऊ तासांचे करा, या मागणीसाठी न्यूकॅसलच्या यंत्रकामगारांनी पाच महिने संप केला. आर्मस्ट्रॉंगने परदेशातून माणसे आणून तो मोडण्याचा प्रयत्न केला, आणि तो हरला. माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात त्याचा असा सपशेल पराभव हा एवढाच.

पुढे कंपनीने जहाजबांधणीही हाती घेतली. युद्धनौका बांधावी, तिच्यावर आपल्याच तोफा चढवाव्यात आणि आपल्याच काठावरून ती समुद्राकडे सोडावी, अशी सोय टाईनवर झाली. गिऱ्हाईक कोण कोण? इटली, चिली, चीन, जपान, आणखी कितीतरी. इराणचा शहा, सयामचा राजा, अफगाण अमिराचा पुत्र असे पाहुणे न्यूकॅसलला येत. क्रॅगसाइड येथील आर्मस्ट्रॉंगचा डोंगरातला वाडा पाण्याच्या शक्तीने निर्माण केलेल्या विजेवर उजळत असे. घरात असा प्रकाश जगात तेथेच प्रथम झाला. पाहुण्यांनी दिवसा तोफा पाहाव्यात आणि रात्री दिवे.

या गिऱ्हाइकांपैकी जपानची गोष्ट विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १८६२ मध्ये सात्सुमा संस्थानच्या शिपायांनी रिचर्डसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यास मारले. भरपाई मिळेना, म्हणून ऑगस्ट १८६३ मध्ये सात इंग्रजी जहाजे कागोशिमाच्या बंदरात शिरली. त्यांच्यावर आर्मस्ट्रॉंगच्या नव्या तोफा होत्या. वादळी पावसात तोफा चालल्या, गावातली शेकडो घरे जळाली. पण २१ तोफांनी ३६५ बार काढले त्यांत २८ वेळा काही ना काही बिघडले, आणि एका मोठ्या तोफेचे मागचे दार उडून सारे गोलंदाज खाली कोसळले. इंग्लंडमध्ये त्या तोफांवर काट मारली गेली ती बरीचशी या अनुभवामुळे. किनाऱ्यावरून उलट मारा करणाऱ्या सात्सुमाच्या मोर्च्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा वडील व भावांबरोबर हजर होता. त्याचे नाव तोगो हेइहाचिरो.

सात्सुमाच्या मुत्सद्द्यांनी या मारातून काय धडा घ्यावा? तहाची बोलणी चालू असतानाच त्यांनी इंग्रजांना विचारले, आम्हाला एक युद्धनौका विकत घ्यावयाची आहे, तुम्ही मदत कराल का? याला मी लाचारी म्हणणार नाही. हा थंड डोक्याचा हिशेब होता, आणि आपल्याकडे तो फारसा कोणी केला नाही.

तोगो इंग्लंडला जाऊन नौविद्या शिकला. १८९४ मध्ये चीनशी युद्ध पेटले, तेव्हा तो 'नानिवा' या क्रूझरचा कप्तान होता. 'नानिवा' आर्मस्ट्रॉंगच्या कंपनीने बांधलेली. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला यालू नदीच्या मुखाजवळ दोन्ही आरमारांची गाठ पडली. जपानकडे टाईनवर बांधलेली जहाजे तीन, 'योशिनो', 'नानिवा' आणि 'ताकाचिहो'. चीनकडे चार, 'चाओ-युंग', 'यांग-वै', 'चि-युएन' आणि 'चिंग-युएन'. चीनची जहाजे जुनी, दारूगोळा अपुरा. 'चाओ-युंग' आणि 'यांग-वै' आगीत सापडली. 'चि-युएन'चा कप्तान देंग शिचांग याने आपले घायाळ जहाज सरळ 'योशिनो'च्या अंगावर घातले. पोहोचण्याआधीच ते बुडाले व त्याच्यासह जवळजवळ सर्व खलाशी गेले. १८८७ मध्ये हेच जहाज ताब्यात घेण्यासाठी देंग स्वतः न्यूकॅसलला गेला होता. 'योशिनो' त्याच कारखान्याची, पाच-सहा वर्षांनी धाकटी आणि म्हणूनच अधिक वेगवान. जहाजांच्या या धंद्यात मागाहून येणारा गिऱ्हाईक नेहमीच फायद्यात असतो. आणि म्हणूनच आधीच्याला पुन्हा यावे लागते.

मग १९०५ सालची त्सुशिमा. २७ मेच्या पहाटे रशियाचे आरमार दृष्टीस पडल्यावर त्याच्या पाठीला लागून खबर देत राहिली ती 'इझुमी' नावाची जुनी क्रूझर. तिचे मूळ नाव 'एस्मेराल्डा'. आर्मस्ट्रॉंगने ती चिलीसाठी बांधली होती, जपानने ती पुढे विकत घेतली. 'आसामा', 'तोकिवा', 'इझुमो', 'इवाते' या चिलखती क्रूझर एल्स्विकच्या. सेनापती तोगो ज्या 'मिकासा'वर उभा होता, ती दुसऱ्या इंग्रज कंपनीने बांधली असली तरी तिच्या बारा इंची तोफा एल्स्विकच्याच. कागोशिमाच्या किनाऱ्यावर ज्या कारखान्याचे गोळे त्याने पोरवयात पाहिले, त्याच कारखान्याच्या तोफांनी सत्तावन्नाव्या वर्षी त्याने रशियाचे आरमार बुडविले.

या विजयाची बातमी आली तेव्हा आपल्या आधीच्या पिढ्यांना केवढा आनंद झाला होता, हे जुनी मराठी वृत्तपत्रे चाळणारास सांगावयास नको. आशियातल्या राष्ट्राने युरोपच्या महासत्तेला लोळविले! तो आनंद खोटा नव्हता. गोऱ्या माणसाला हरविता येते, एवढे कळणेही त्या काळी मोठे होते. पण त्या आनंदात दोन गोष्टी नजरेआड राहिल्या. हा विजय ज्या धक्क्यावर तयार झाला तो टाईनच्या काठी होता. आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात जपानने कोरियाला आपल्या संरक्षणाखाली घेतले, १९१० मध्ये गिळूनच टाकले. कोरियाला एल्स्विकचे दार ठोठावण्याइतका पैसा आणि अवधी मिळालाच नाही.

पैसा मिळाला तरी भागत नाही, हे तुर्कांना कळले ते १९१४ मध्ये. ब्राझीलने मागविलेले आणि मग परवडेना म्हणून विकावयास काढलेले एक प्रचंड युद्धजहाज त्यांनी आर्मस्ट्रॉंग कंपनीकडून घेतले होते. त्यासाठी प्रजेकडून वर्गण्या गोळा झाल्या होत्या. तुर्की खलाशी टाईनवर येऊन बसले होते. ऑगस्टच्या आरंभी महायुद्धाची चाहूल लागताच इंग्रज सरकारने ते जहाज जप्त केले आणि आपल्या आरमारात घातले. आर्मस्ट्रॉंग हे पाहण्यास नव्हता. २७ डिसेंबर १९०० रोजी, नव्वद वर्षांचा होऊन, तो क्रॅगसाइड येथे वारला होता. त्याची कंपनी १९२७ मध्ये व्हिकर्स या प्रतिस्पर्धी कंपनीत मिसळून गेली.

फिरता पूल मात्र टाईनवर उभा आहे. तेथून थोड्या अंतरावर एल्स्विकची सेंट जॉन दफनभूमी आहे. तिच्यात चिनी अक्षरे कोरलेली पाच थडगी आहेत. दोन १८८१ सालच्या खलाशांची, 'चाओ-युंग' आणि 'यांग-वै' न्यावयास आलेल्यांपैकी. तीन १८८७ सालच्यांची, 'चि-युएन'च्या वेळची. जहाजे तयार होण्याची वाट पाहत असता आजारी पडून ते तेथेच वारले. बरीच वर्षे दगड मोडकळीस आले होते. अलीकडे कोणीतरी लक्ष घालून ते पुन्हा उभे केले आहेत.